जर्मनीच्या वतीने फेटा

कुणी आपल्याकडे बघतंय हे मला लहानपणापासून सोसत नाही. नुसतं बघितलं तरी हातातली वस्तू कुठे ठेवावी ते सुचेनासं होतं. कॉलेजात कामाला लागले तेव्हा झाडलोट, फरशी, चहा, कपबशा यांचं काही वाटलं नाही. दुपारी डबा कुठे खायचा, हेच सगळ्यात अवघड गेलं. शिपाईमंडळी जिन्याखाली गोल करून बसतात. तिथे बसलं की भाकरी कशाची, भाजी कसली, एवढंच का आणलं, सगळं विचारतात. मायेनेच विचारतात, पण माझा घास अडकतो.

मग मला डार्क रूम सापडली.

आमचं कॉलेज कर्जतच्या बाजूला, गावापासून थोडं बाहेर, उघड्या माळावर आहे. तळमजल्यावर फिजिक्स डिपार्टमेंट आणि त्याच्या टोकाला ही खोली. तिथे लेसरचे प्रयोग चालतात. प्रकाशाचे प्रयोग करायला अंधार लागतो, हे मला आधी खरं वाटलं नव्हतं. खिडक्यांच्या काचा आतून काळ्या रंगवलेल्या, त्यांवर काळा पडदा, दाराला आणखी एक पडदा. मधोमध जड टेबल आणि त्यावर स्क्रूने बसवलेली भिंगं नि आरसे. त्यांना हात लावायचा नाही आणि झाडू मारून धूळ उडवायची नाही, फक्त ओल्या फडक्याने फरशी पुसायची, एवढंच मला सांगितलेलं होतं. दुपारच्या सुट्टीत तिथे कुणी नसायचं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून डबा उघडायचे. भाकरी हाताला कळते, भाजी नाकाला कळते. बाहेर माळ तापलेला असायचा आणि आत गार.

डिपार्टमेंटच्या मॅडमना हे कळलं ते असं. एकदा त्यांनी आत येऊन दिवा लावला, तर मी तोंडात घास धरून भिंतीला चिकटून उभी. त्या म्हणाल्या, "बसा मावशी, जेवा," आणि दिवा बंद करून निघून गेल्या. त्या बाईंसाठी काहीही करायची माझी तयारी झाली ती त्या दिवसापासून. काहीही म्हणजे नक्की काय, हे तेव्हा माहीत नव्हतं म्हणून बरं.

या खोलीवर संस्थेच्या अध्यक्षांचा डोळा होता. त्यांना सगळे आबा म्हणतात. धोतर, टोपी, हातात काठी. कॉलेज त्यांनीच गावोगाव फिरून उभं केलेलं, त्यामुळे त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. त्यांचं ऑफिस वरच्या मजल्यावर आणि त्यांचे गुडघे गेलेले. जिना चढताना ते प्रत्येक पायरीवर थांबायचे आणि म्हणायचे, "खाली एक खोली अंधारात कुजत पडलीया, आन् मी हितं जीव काढतोय."

मॅडमनी खोली वाचवायला एक मोठा घाट घातला. लेसर आणि भिंगांचा अभ्यास करणाऱ्या लोकांची परिषद आपल्या कॉलेजात घ्यायची, परदेशातले पाहुणे बोलवायचे. आबा खूश झाले. म्हणाले, "परदेशी पाहुणं आपल्या माळावर येत्यात? मग घ्या परिषद. झोकात झाली तर खोली तुमची. न्हाई झाली तर काचांचा रंग खरवडायचा आन् तिथं माझं टेबल लावायचं."

तयारी जोरात झाली. साखर कारखान्याचं गेस्ट हाऊस सांगून ठेवलं. शाली आल्या, फेटे आले, जेवायला आमच्याकडची झणझणीत शिपी आमटी ठरली, आणि परदेशी माणसाला ती सोसेल का यावर एक वेगळी मीटिंग झाली. तेवढ्यात कोरोना पुन्हा वाढला. गाड्या बंद, विमानं बंद, कॉलेज बंद. मॅडमनी परिषद कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं.

ते आबांना सांगायला जी मीटिंग झाली तिथे मी चहा घेऊन गेले होते. आबा मधे, एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला मॅडम, आणि लांब लांब खुर्च्यांवर बाकीचे प्राध्यापक, सगळ्यांचे मास्क हनुवटीवर.

"म्हंजी पाहुणं येणारच न्हाईत?" आबांनी विचारलं.

"येणार आबा, पण स्क्रीनवर," मॅडम म्हणाल्या. "जर्मनीचे सर जर्मनीतून बोलतील, जपानच्या मॅडम जपानमधून."

"आन् जेवणार कुठं?"

"आपापल्या घरी."

आबांनी कप खाली ठेवला. "बोलवायचं आपण आन् जेवायचं त्यांनी घरी. ही कुठली रीत?"

"आबा, हल्ली लग्नंसुद्धा अशीच लागतायत," प्राचार्य म्हणाले.

"लग्नात नवरानवरी तरी एका जागी असत्यात का न्हाई?" आबा म्हणाले. "बरं, सत्काराचं काय?"

"शाब्दिक सत्कार करू."

"मग शाब्दिक जेवण बी घाला. हे बघा, आपल्या दारात आलेला पाहुणा नारळ-शालीबिगर कधी गेलेला न्हाई. ते आपल्यापुढं बोलणार हायत ना? मग ते आले. आले म्हंजी सत्कार. माझ्या हातानं."

शाली पोस्टाने पाठवाव्यात तर पोस्टही तिकडे जात नव्हतं. तेव्हापासून परिषदेत कोण काय बोलणार हा विषय मागे पडला आणि सत्कार कसा करायचा हा पुढे आला.

पहिला प्रयोग लॅपटॉपवर झाला. मॅडम शेजारच्या खोलीत मोबाईल घेऊन जर्मनी झाल्या. इकडे टेबलावर लॅपटॉप मांडला. आबांनी त्याच्यावर शाल पांघरली, चारही बाजूंनी नीट केली आणि नारळ समोर ठेवला. आतून मॅडमचा आवाज आला, "आबा, मला काहीच दिसत नाहीये." शाल मागे सरकवली तर ती घसरून पडायची. थोड्या वेळाने लॅपटॉप तापला आणि बंद पडला. "पाहुण्याला घुसमटून मारता का," असं आबाच म्हणाले.

दुसरा प्रयोग फोटोंचा. पाहुण्यांचे मोठे फोटो काढून आणले, फ्रेम केले, व्यासपीठावर खुर्च्यांवर ठेवले. प्रत्येकाला झेंडूचा हार घातला आणि पुढे समई लावून बघितली. सगळे लांब उभे राहून बघत होते. गणिताच्या सरांनी नकळत चपला काढल्या. आबांनी टोपी काढून हात जोडले, डोळे मिटले आणि एकदम उघडले. "काढा ते, काढा. जित्ती माणसं हायत." तेव्हा असे फोटो घरोघर लागत होते, त्यामुळे कुणी हसलं नाही. हार मी उतरवले.

मग ठरलं की पाहुण्यांच्या वतीने जिवंत माणूसच खुर्चीवर बसवायचं. इथे खरं भांडण सुरू झालं. गणिताचे सर म्हणाले की नोकरीत ते सगळ्यांत जुने, तेव्हा जर्मनी त्यांची. केमिस्ट्रीचे सर म्हणाले की मग अमेरिका मला, नाहीतर मी येत नाही. जपानसाठी दोन मॅडम एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. दिल्लीहूनही एक मोठे शास्त्रज्ञ बोलणार होते, पण दिल्ली कुणालाच नको होती. प्राचार्य यजमान, त्यांना कुठलाच देश घेता येईना.

आबांनी काठी आपटली. "ज्याचा कुणाला हेवा वाटणार न्हाई असं एक माणूस सांगा. तेच सगळ्यांच्या वतीनं बसंल."

मी त्यांचा रिकामा कप उचलत होते. मान वर केली, तर सगळे माझ्याकडे बघत होते.

"मावशी," प्राचार्य म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी सुटका होती की मला त्यांची दया आली.

मी ट्रे तिथेच ठेवला आणि सरळ डार्क रूममध्ये जाऊन बसले. थोड्या वेळाने पडदा हलला. मॅडमनी दिवा लावला नाही. चाचपडत येऊन टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"मावशी, मी जबरदस्ती करणार नाही."

"कॅमेऱ्यात दिसंन का मी?"

"दिसाल."

"किती माणसं बघतील?"

"फार नाहीत," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "खरं सांगू का, ते कुणालाच माहीत नसतं. जगात कुणीही बघू शकतं."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग त्या म्हणाल्या, "सत्कार नाही तर परिषद नाही, असं आबा म्हणतायत. आणि परिषद नाही तर आपली खोली गेली."

ही खोली त्यांची होती. मी तिथे डबा खाते एवढंच. पण मॅडमनी तसा फरक केला नाही, "आपली खोली" म्हणाल्या.

"कपाळावर पदर घेतला तर चालंल का?" मी विचारलं.

"चालेल की."

घरी मालक दुधाचा कॅन घासत होते. ते सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतात, त्यामुळे त्यांचं अर्धं आयुष्य कॅन घासण्यातच जातं.

"अहो, मला सत्काराला बसायचंय."

"कुणाच्या?"

"जर्मनीच्या. मग जपान, अमेरिका, दिल्ली."

त्यांनी कॅन उपडा केला. "त्यांनी काय केलंय?"

"लेसर."

"आन् तू काय करायचं?"

"नारळ घ्यायचा."

"मग घे की. चटणीला व्हईल." कॅन फडक्याने पुसून झाल्यावर पुन्हा म्हणाले, "पण जर्मनीला जाऊन म्हशीची धार चुकवू नको म्हंजी झालं."

परिषदेच्या दिवशी हॉल रिकामाच होता. मोजकी माणसं, लांब लांब खुर्च्या. समोर मोठा पांढरा पडदा आणि त्यावर चौकटी-चौकटीत पाहुणे. ते खिडकीतून डोकावल्यासारखे आमच्याकडे बघत होते आणि मी त्यांच्यापुढे लाल गादीच्या खुर्चीत एकटी. समई विझू नये म्हणून पंखे बंद केले होते. तोंडावर मास्क होता, त्याचा मला आधार होता. कोरोनात लोकांचे फार हाल झाले, हे बोलायचं नाही, पण मास्क आला तेव्हा मला मनातून बरं वाटलं होतं. आबांनी आल्या आल्या सांगितलं, "मास्क काढा साहेब. सत्कारमूर्तीचं तोंड दिसलं पायजे." ते मला साहेब म्हणाले, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

प्राचार्यांनी जर्मनीच्या सरांची ओळख वाचली. किती पुस्तकं, किती बक्षिसं, आणि त्यांनी लावलेला एक शोध, ज्याचं नाव वाचताना प्राचार्य दोनदा अडखळले. मग म्हणाले, "त्यांच्या वतीने मावशी सत्कार स्वीकारतील." आबा पुढे आले. जर्मनीचे सर पुरुष, म्हणजे त्यांना फेटा. बांधून तयार ठेवलेला केशरी फेटा आबांनी माझ्या पदरावर बसवला, तुरा सरळ केला, खांद्यांवर शाल घातली आणि नारळ हातात देऊन मला वाकून नमस्कार केला. पडद्यावर जर्मनीच्या सरांनी स्वतःच्या डोक्याला हात लावून बघितला.

पुढे जपानच्या मॅडम. आता पंचाईत झाली. आबांच्या शिस्तीत बाईला पुरुषाने शाल पांघरायची नसते. मघाशी मी पुरुष होते म्हणून चाललं. आता आबा दोन पावलं मागे सरले, नजर खाली केली आणि म्हणाले, "मॅडम, तुमी या. बाईमाणूस हाय." माझा फेटा काढला. मॅडमनी मला हळदीकुंकू लावलं, शाल घातली, ओटीत नारळ दिला. त्यांचे ओठ हलत होते. हसू दाबत होत्या की रडू, मला कळलं नाही.

जपानच्या मॅडमनी पडद्यावर कमरेतून वाकून नमस्कार केला. तो माझ्याकडे बघून केला म्हणून मीही वाकले. पाहुणी वाकली म्हणून आबा वाकले. आबा वाकले म्हणून जपानच्या मॅडम पुन्हा वाकल्या, आधीपेक्षा खाली. आबा तरी मागे कसे राहतील. त्यांचे गुडघे कडाकडा वाजलेले माइकमधून ऐकू आले. हे किती वेळ चाललं असतं कुणास ठाऊक. शेवटी प्राचार्यांनी आबांचा दंड धरला आणि पुढची ओळख वाचायला घेतली.

पुढे अमेरिका, म्हणजे पुन्हा फेटा. पण अमेरिकेची चौकट काळीकुट्ट होती. आबा हातात शाल घेऊन थांबले.

"यांची लाईट गेली का?"

"नाही आबा," मॅडम म्हणाल्या, "सर त्यांच्या लॅबमध्ये आहेत. प्रयोग चालू आहे, मधेच सोडता येत नाही."

तेवढ्यात त्या काळ्यात एक बारीक हिरवी रेघ उमटली. तिच्या उजेडात एक चष्मा आणि अर्धं नाक दिसलं, आणि पुन्हा काळं झालं.

"अमेरिकेत बी लोडशेडिंग हाय म्हणायचं," आबा म्हणाले.

"लोडशेडिंग नाही. लेसरचं काम अंधारातच करावं लागतं."

आबा त्या काळ्या चौकटीकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांनी मला शाल घातली ती आधीच्यापेक्षा हळू, आजारी माणसाला पांघरूण घालावं तशी. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "काळजी घ्या साहेब."

दिल्लीचा सत्कार लवकर उरकला. आता माझ्या अंगावर चार शाली, डोक्यावर फेटा, मांडीवर नारळ, कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत आलेलं. प्राचार्यांनी अध्यक्षीय भाषण शेवटी ठेवलं होतं, पण आबांचे गुडघे तोवर थांबायला तयार नव्हते, म्हणून ते तिथेच माइक धरून उभे राहिले.

"एवढी मोठी माणसं," आबा म्हणाले, "आन् अंधारात बसून काम करत्यात. आमच्या लहानपणी घरात कंदील तरी हुता. आज डोळ्यांनी बघितलं तवा कळलं. मला वाटायचं आपली खालची खोली कुजत पडलीया. तिथं आपल्या मॅडम अशाच अंधारात बसत्यात, आन् कधी तक्रार केली न्हाई. परिषद झोकात झाली. खोली मॅडमची."

मॅडमनी डोळे मिटून श्वास सोडला.

"आन् नुसती खोली न्हाई," आबा म्हणाले. "उद्याच्याला गवंडी येतोय. दोन्ही भिंतींना मोठाल्या खिडक्या पाडायच्या. काळा रंग खरवडायचा. वर ट्यूबा लावायच्या. आजपासून आमच्या मॅडम उजेडात काम करतील."

प्राचार्यांनी टाळ्या सुरू केल्या आणि बाकीच्यांना वाजवाव्या लागल्या. मॅडमही वाजवत होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या उठून काही बोलल्या असत्या, पण माइकवर बोललेला शब्द आबांनी कधी मागे घेतलेला नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मैदानाच्या टोकाची पाण्याची टाकी अशीच बांधली गेली, जिथे पाणी चढत नाही. भर कार्यक्रमात आबांना दुरुस्त करणं म्हणजे खोलीबरोबर नोकरीही घालवणं.

"आता सत्कारमूर्तींच्या वतीने दिल्लीचे सर सत्काराला उत्तर देतील," प्राचार्यांनी कागदावरचं वाचलं.

पडद्यावर दिल्लीचे सर तोंड उघडं टाकून गोठले होते. जर्मनीही गोठली होती. जपानच्या मॅडम अर्ध्या वाकलेल्या अवस्थेत थांबल्या होत्या. रेंज गेली होती. कुणीतरी वायर हलवली, कुणीतरी गच्चीवर पळालं. काही झालं नाही. सत्काराला उत्तर न देता कार्यक्रम पुढे नेणंही आबांच्या शिस्तीत बसत नव्हतं. त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"हितं बसल्यात की सत्कारमूर्ती. बोला साहेब."

माइक माझ्या तोंडापुढे आला. मी उभी राहिले तसा एक नारळ मांडीवरून सुटून समईपर्यंत घरंगळत गेला आणि सगळे त्याच्याकडे बघत राहिले, तेवढाच मला श्वास घ्यायला मिळाला. बोलायचं काय ते मला ठाऊक नव्हतं. डोळ्यांपुढे एकच येत होतं. दुपारची सुट्टी, दोन्ही भिंतींना मोठ्या खिडक्या, माझ्या मांडीवर उघडा डबा, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यात डोकावतोय.

"खिडक्या नको," मी म्हणाले.

माझा आवाज मागच्या भिंतीवर जाऊन परत आला. माझा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता.

आबा कान पुढे करून म्हणाले, "काय म्हणले?"

"खिडक्या नको. अंधार हाय तसाच राहू द्या. आमाला अंधारच लागतो."

"हे कोन म्हनतंय? जर्मनी का जपान?"

मी मॅडमकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं आलं नसतं.

"समदेच," मी म्हणाले.

"अमेरिका बी?"

"अमेरिका तर लईच."

आबा काठीवर दोन्ही हात ठेवून विचार करत राहिले.

"म्हंजी एकमत हाय," आबा म्हणाले. "पाहुण्यानं तोंड उघडून मागितलं आन् या संस्थेनं न्हाई म्हटलं, असं कधी झालं न्हाई. अंधार दिला."

त्याच वेळी रेंज आली आणि पडद्यावरची माणसं हलली. दिल्लीचे सर आवाज येतोय का, आवाज येतोय का असं विचारू लागले.

"आता काय उपयोग," आबा त्यांना म्हणाले. "तुमचं बोलून झालं."

मग परिषद सुरू झाली. ती दिवसभर चालली. मी आत जाऊन शाली घड्या करून ठेवल्या, तोंड धुतलं, आणि चहा द्यायला परत आले. पडद्यावरची माणसं आकृत्या दाखवत होती. दिवसभरात लेसरपेक्षा आवाज येतोय का हेच जास्त वेळा ऐकू आलं. हॉलमध्ये माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. जर्मनी, जपान, अमेरिका सगळे आता पडद्यावर स्वतःच बोलत होते, माझी गरज संपली होती. शेवटच्या चहाच्या वेळी मॅडमनी कप घेताना माझं मनगट जरा वेळ धरून ठेवलं.

गवंडी आला नाही. त्याऐवजी उद्घाटन ठरलं. अंधार आबांनी दिला होता, म्हणजे त्याचं उद्घाटन व्हायला हवं. फीत दाराबाहेर बांधली होती, ती आबांनी सोडायला लावली. उजेडात उभं राहून अंधाराचं उद्घाटन कसं करायचं, असा त्यांचा सवाल होता. म्हणून फीत आत बांधली आणि दार लावून घेतलं. फोटो काढणाऱ्याला मॅडमनी फ्लॅश मारू दिला नाही. मी तबकात कात्री घेऊन उभी होते.

"फीत कुठं हाय?"

"आबा, जरा डावीकडे," प्राचार्य म्हणाले.

"कुणाच्या डावीकडं?"

कात्रीचा आवाज आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मी पुसायला गेले तेव्हा फीत होती तशी बांधलेली होती आणि पडद्याची खालची कड कापलेली होती. मी पडद्याला टीप मारली, फीत सोडून टाकली, कुणाला काही बोलले नाही.

उद्घाटन झाल्यावर आबा गुडघे दुखतात म्हणून आत एका खुर्चीवर टेकले होते. "हितं लई गार हाय," म्हणाले. उन्हाळ्याचे दिवस, वरचं ऑफिस पत्र्याखाली, जिना चढायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा आले. मग रोजच येऊ लागले. खोली मॅडमचीच आहे, त्यावर कुणी काही म्हणत नाही. मॅडम त्यांचं काम सकाळी उरकून घेतात आणि दुपारच्या सुट्टीत आबा त्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपतात.

पहिल्या दिवशी मी दाराशी घोरणं ऐकलं आणि डबा तसाच घरी नेला. मालकांनी विचारलं, जर्मनीची भूक मेली का. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली बसायला गेले, तर सगळे जपानच्या मावशी आल्या म्हणून सरकून जागा द्यायला लागले. मी पाणी प्यायचं निमित्त करून उठले आणि पडदा सारून आत गेले. कोपऱ्यातलं स्टूल पायाने शोधलं. डब्याचं झाकण काढताना आवाज होऊ नये म्हणून पदरात धरून काढलं. भाकरी तोडली ती थेंब थेंब पाणी लावून, मऊ करून. कांदा आणला होता, तो फोडला तर आवाज होईल म्हणून तसाच ठेवला. घोरणं चालू होतं, तोवर मी एक-एक घास घेत होते.

घोरणं थांबलं. मीही थांबले.

"कोन हाय?" आबांनी विचारलं.

तोंडात घास होता. खुर्ची करकरली, काठी फरशीवर टेकली, आणि मला वाटलं ते आता उठून दिवा लावणार. पण त्यांनी नुसतं नाक ओढून वास घेतला.

"जेवताय व्हय," ते म्हणाले. "जेवा, जेवा सावकाश. मला काय दिसत न्हाई."

थोड्या वेळाने घोरणं पुन्हा सुरू झालं. मग मी कांदा फोडला.